मीटरवर आधीच्या भाडेकरूची बाकी निघाली तर

जुलै २०१९. शाळेच्या गणवेशाचे चाळीस शर्ट शिवून तयार होते, त्यातल्या सव्वीस शर्टांची काजं करायची राहिली होती, आणि सकाळी साडेदहाला लाइनमन दारात उभा. "ताई, लाइट कट करायला आलोय. अकरा हजार एकशे वीस बाकी आहे." आम्हाला त्या घरात येऊन जेमतेम सव्वा महिना झाला होता. माझं सगळं शिवणकाम मोटरच्या मशीनवर चालतं. लाइट गेली की माझी कमाई थांबते आणि शाळेला दिलेला शब्दही जातो.

घर म्हणजे पुण्यात वडगाव बुद्रुकला दुसऱ्या मजल्यावरचा वन बीएचके. भाडं अकरा हजार, डिपॉझिट चाळीस हजार. आमच्या आधी तिथे नोकरी करणारी चार मुलं राहायची. मे महिन्यात ती घर सोडून गेली आणि पाच महिन्यांचं बिल मीटरवर ठेवून गेली. त्या आठवड्यात मी जे शिकले, आणि पुढे ओळखीतल्या चार-पाच घरांसाठी जे अर्ज लिहून दिले, ते इथे सांगते.

सामान उतरवायच्या आधी मीटर बघा

माझे वडील, अण्णा, कराडजवळ एका उपसा सिंचन योजनेवर पंप ऑपरेटर होते. पाळी सुरू होताना आणि संपताना मीटरचं रीडिंग खडूने भिंतीवर लिहायचं, ही त्यांची तीस वर्षांची सवय. टेम्पोबरोबर तेही पुण्याला आले होते. शेगडी वर न्यायच्या आधी त्यांनी विचारलं, "मीटर कुठंय?"

मीटरची खोली पार्किंगमध्ये होती आणि तिला कुलूप होतं. वॉचमनला शोधून ते उघडायला लावलं. आत बारा मीटर. काहींवरचे फ्लॅट नंबर पुसलेले, एकावर दोन-दोन नंबर लिहिलेले. अण्णांनी मला वर पाठवलं, घरातले दिवे-पंखे सगळे चालू करायला लावले आणि मग मेन स्विच बंद करायला सांगितला. ज्या मीटरचा लुकलुकणारा लाल दिवा त्या क्षणी थांबला, तो आपला. हे प्रत्येकाने करावंच. मीटरवरचा नंबर आणि प्रत्यक्ष जोडणी यांचा मेळ नसलेल्या इमारती मी नंतर दोन पाहिल्या. तिथे माणसं वर्षानुवर्षं शेजाऱ्याचं बिल भरत होती.

डिजिटल मीटरच्या पडद्यावर आकडे आळीपाळीने बदलत राहतात. त्यातला केडब्ल्यूएच (kWh, म्हणजे वापरलेले युनिट) लिहिलेला आकडा आपला. आमचा होता ६२१४. अण्णांनी तो मीटरच्या फळीवर खडूने लिहिला, खाली तारीख टाकली आणि मला फोटो काढायला लावला. फोटोत मीटरचा नंबर, रीडिंग आणि कडेला अण्णांचा अंगठा. मी तो नवऱ्याला व्हॉट्सॲपवर पाठवला. घरमालकांना पाठवायचं मात्र सुचलं नाही आणि त्याचीच पुढे ओढाताण झाली. तुम्ही तो फोटो त्याच दिवशी, त्याच तासाला मालकांना पाठवा. खाली एवढंच लिहा: "आज ताबा घेतला, मीटरचं रीडिंग इतकं."

याच्याही आधी, म्हणजे टोकनचे पैसे द्यायच्या आधी, मालकाकडून किंवा एजंटकडून जुनं बिल मागून घ्या. महावितरणच्या बिलावर बारा आकडी ग्राहक क्रमांक आणि चार आकडी बिलिंग युनिट असतं. ते दोन आकडे हातात आले की महावितरणच्या वेबसाइटवर किंवा ॲपवर त्या मीटरची बाकी दिसते. मुंबईत बेस्ट, अदानी, टाटा पॉवर अशा वेगळ्या कंपन्या आहेत, तिथेही ग्राहक क्रमांकावरून बिल बघता येतं. बिलावर कधी बिल्डरचं नाव असतं, कधी फ्लॅटच्या पहिल्या मालकाचं. त्यावरून घाबरू नका. बाकी किती आहे, तेवढं बघा.

लाइनमन आला तेव्हा

त्याच्याशी भांडू नका. त्याच्या हातात यादी असते, यादीत मीटरचा नंबर असतो. घरात कोण राहतं आणि कधीपासून, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. मी त्यांना आत बोलावलं, पाणी दिलं, भाडेकरार दाखवला आणि विचारलं, "दादा, नोटीस कधी दिली होती?" वीज कायदा २००३ च्या कलम ५६ नुसार बिल थकलं म्हणून पुरवठा तोडायचा असेल तर आधी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. त्यांनी यादीत बघितलं. नोटीस मेसेजने गेली होती. ज्या मोबाइलवर गेली तो त्या चार मुलांपैकी एकाचा. मीटरला त्याचाच नंबर जोडलेला होता.

म्हणून राहायला आल्यावर पहिल्या आठवड्यात मालकांना सांगून मीटरला आपला मोबाइल नंबर जोडून घ्या. महावितरणच्या ॲपवर होतं, १९१२ या नंबरवर फोन करूनही होतं. नाहीतर बिल, तारीख, नोटीस सगळं दुसऱ्याच्या फोनवर वाजत राहतं.

त्या दादांनी माझं ऐकून घेतलं. म्हणाले, "उद्या संध्याकाळपर्यंत ऑफिसला जाऊन या, तोवर मी तुमचा नंबर मागं ठेवतो." त्यांचे उपकार मी विसरलेले नाही. दारात कुणाच्याही हातात रोख पैसे मात्र देऊ नका. भरणा केंद्रावर किंवा ऑनलाइनच भरा, पावती त्याच वेळी हातात येते. आणि "आज रात्री साडेनऊला तुमची वीज बंद होणार, या नंबरवर फोन करा" असा मेसेज एखाद्या खासगी मोबाइलवरून आला तर तो फसवणुकीचा समजा. जुनी बाकी असलेल्या घरात माणूस आधीच घाबरलेला असतो, म्हणून अशा मेसेजला तो लवकर बळी पडतो.

बिल उलगडून वाचा

अकरा हजार एकशे वीस हा आकडा ऐकून माझ्या पोटात गोळा आला होता. बिल समोर धरून बसले तेव्हा कळलं की त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थकबाकी ४,७४० आणि चालू बिल ६,३८०. थकबाकी आमची नाही हे उघडच होतं. पण चालू बिलही आमचं नव्हतं, आणि लोक नेमके इथेच फसतात. चालू बिलावर जूनची तारीख असते, जूनमध्ये घरात आपण असतो, म्हणून ते आपलंच धरून भरून टाकतात.

मागील रीडिंग बघा, चालू रीडिंग बघा. आमच्या बिलावर मागील रीडिंग ५३१२ होतं, चालू ६२७६, वापर ९६४ युनिट. रीडिंग १४ जूनला घेतलेलं. तेरा दिवसांत एक फ्रीज, दोन पंखे आणि शिवणयंत्र ९६४ युनिट खाऊ शकत नाहीत. मग बिलावरचे मागचे महिने बघितले तर मार्च, एप्रिल, मे या तिन्ही महिन्यांपुढे 'लॉक' असा शेरा. मीटरच्या खोलीला कुलूप, त्यामुळे रीडिंग घेणाऱ्याला मीटर दिसलाच नाही आणि तीन महिने सरासरीवर बिल गेलं. जूनमध्ये खरं रीडिंग मिळालं तेव्हा फेब्रुवारीपासूनचा सगळा वापर एकदम त्या एका बिलात आला. सरासरीने आधी लावलेली रक्कम 'लॉक क्रेडिट' म्हणून त्यातून वजा झाली होती. हे क्रेडिट दिलं आहे का, आणि एकदम आलेले युनिट महिन्यांत वाटून स्लॅब, म्हणजे वापराच्या टप्प्यानुसारचा दर, लावला आहे का, हे दोन्ही तपासा. न वाटता लावले तर सगळे युनिट महागड्या स्लॅबमध्ये जातात.

आमचं गणित अण्णांच्या खडूमुळे सोपं होतं. ६२७६ वजा ६२१४, म्हणजे ६२ युनिट. स्थिर आकाराचा आमचा वाटा धरून साधारण ३७० रुपये. उरलेले १०,७५० आमचे नव्हते.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेले. तिथे एक शब्द कामाला आला: सीपीएल. त्या ग्राहक क्रमांकाचा महिनावार खातेउतारा. प्रत्येक महिन्याचं रीडिंग, बिल, भरणा, व्याज, मीटरची स्थिती, सगळं त्यात असतं. "मागच्या दोन वर्षांचा सीपीएल द्या" असं म्हटलं की खिडकीमागचा माणूस तुमच्याशी वेगळ्या सुरात बोलतो. माझ्या उताऱ्यात डिसेंबरपर्यंत प्रत्येक बिल वेळेवर भरलेलं होतं, जानेवारीपासून एकही नाही. तो कागद मी अजून जपून ठेवला आहे.

ऑफिस तुमच्याकडे पैसे मागू शकतं का

मागू शकतं. हे आधीच मान्य करून पुढे चला, नाहीतर "माझा काय संबंध" असं म्हणत दोन दिवस जातात आणि तेवढ्यात लाइट जाते. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या २००५ च्या वीजपुरवठा संहितेत, जी आमच्या वेळी लागू होती, १०.५ या विनियमात स्पष्ट लिहिलेलं होतं की आधीच्या मालकाची किंवा ताबेदाराची बाकी हा त्या जागेवरचा बोजा आहे आणि तो नव्या मालकाकडून किंवा ताबेदाराकडून वसूल करता येतो. पण त्याच विनियमात पुढे मर्यादाही होती. वारसाच्या नावावर जोडणी जात असेल ते सोडून इतरांकडून जास्तीत जास्त सहा महिन्यांचीच बाकी मागता येत होती.

माझ्या आतेभावाने २०१७ मध्ये दुकानासाठी गाळा भाड्याने घेतला. त्याच्याकडे बावीस महिन्यांची बाकी मागितली होती. त्याने हा विनियम अर्जात लिहून दिला, दोनदा हेलपाटे घातले आणि मागणी सहा महिन्यांवर आली. ही संहिता २०२१ मध्ये नव्याने आली आहे. अर्ज करताना नव्या संहितेतला थकबाकीचा विनियम आयोगाच्या वेबसाइटवरून छापून सोबत जोडा आणि त्याचाच क्रमांक लिहा. तोंडी सांगितलेला कायदा खिडकीवर टिकत नाही.

कलम ५६ मधल्या आणखी दोन गोष्टी पाठ असू द्या. एक, रक्कम पहिल्यांदा देय झाल्यापासून दोन वर्षं उलटली आणि मधल्या बिलांत ती सलग थकबाकी म्हणून दाखवलेली नसेल, तर ती वसूल करता येत नाही. दोन, बिलावर वाद असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने होणारी रक्कम, यातली जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरली, तर वाद मिटेपर्यंत लाइट तोडता येत नाही. अर्जात "निषेध नोंदवून भरत आहे" हे शब्द लिहा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या.

बिल तुमच्या नावावर नाही म्हणून कुणी तक्रार घ्यायला नकार दिला, तर ऐकू नका. वीज कायद्यातल्या व्याख्येत ज्याच्या जागेला सध्या वीज जोडलेली आहे तोही ग्राहकच आहे. ऑफिसात दाद लागली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तिथे जायचं. मंचाचा निकाल पटला नाही तर साठ दिवसांत विद्युत लोकपालांकडे. त्यांची कार्यालयं मुंबईत आणि नागपुरात आहेत.

घर विकत घेणाऱ्यांनी तर जास्तच सांभाळावं. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये, केरळमधून सुरू झालेल्या के. सी. निनान यांच्या प्रकरणात सांगितलं की वीजपुरवठ्याच्या नियमांत तशी तरतूद असेल तर आधीच्या मालकाची बाकी भरल्याशिवाय नवी जोडणी न देणं हे कायद्याला धरून आहे. खरेदीखताच्या आधी थकबाकी नसल्याचा कागद घ्या. त्या जागेवर कायमची तोडलेली जुनी जोडणी आहे का, तेही ऑफिसात विचारा. अशा जोडण्यांसाठी महावितरणने २०२४ मध्ये अभय योजना आणली होती. मूळ रक्कम भरली की व्याज आणि विलंब आकार माफ, आणि जागेचा खरेदीदार किंवा ताबेदारही तिचा फायदा घेऊ शकत होता. अशी योजना चालू आहे का, हे विचारल्याशिवाय जुनी बाकी भरू नका.

घरमालकांशी बोलताना

माझं मत स्पष्ट आहे. वीज कंपनीचा हक्क मीटरवर असेल, पण त्या मुलांना घर मालकांनी दिलं होतं, डिपॉझिट मालकांनी घेतलं होतं, म्हणून त्यांची बाकी मालकांनीच सोसायची. नव्या भाडेकरूने पाच पैसेही नाही.

आमचे मालक सोलापूरला असतात, निवृत्त आहेत. फोनवर म्हणाले, "ताई, मी तर त्या पोरांचं डिपॉझिट सगळं परत दिलं हो." त्यांच्या आवाजावरून कळलं की तेही फसले आहेत. मग म्हणाले, निम्मं निम्मं करू. वाईट वाटलं तरी मी नाही म्हटलं. त्यांनी विचारलं, रीडिंग ६२१४ च होतं कशावरून? नवऱ्याच्या फोनवरचा एक जूनचा फोटो तारखेसकट पाठवला. मग हा मेसेज लिहिला, तुम्हीही तुमचे आकडे घालून हाच वापरा:

"नमस्कार काका. आपल्या मीटरवर जूनच्या बिलात ११,१२० रुपये आले आहेत. त्यात जानेवारी ते मेची थकबाकी ४,७४० आणि चालू बिल ६,३८०. आम्ही १ जूनला आलो तेव्हा रीडिंग ६२१४ होतं, १४ जूनला ६२७६. आमचे ६२ युनिट, त्याचे ३७० रुपये. उरलेले १०,७५० आधीच्या भाडेकरूंच्या वापराचे. लाइट तोडू नये म्हणून मी आज पूर्ण बिल भरते. १०,७५० ऑगस्टच्या भाड्यातून वळते करायला आपली संमती असेल तर इथेच 'हो, वळते करा' असं लिहून पाठवा."

त्यांचं "हो, वळते करा" आलं आणि मगच मी पैसे भरले. हा क्रम बदलू नका. आधी भरलं तर मागे लागायचं काम आपलं होतं. आणि संमती नसताना भाडं थांबवूही नका, त्याने आपली बाजू लंगडी पडते. ऑगस्टची पावती अशी झाली: भाडे ११,०००, पैकी १०,७५० वीजबिलापोटी वळते, जमा २५०.

मालकांनी ऐकलंच नाही तर करार बाहेर काढा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदणी झाली नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. हे शांतपणे सांगितलं तरी बरीच माणसं बोलायला तयार होतात.

पुढच्या घराच्या करारात मी हे कलम स्वतः घालून घेतलं. एजंट म्हणाला छापील मसुद्यात जागा नाही, तरी घालायला लावलं: "ताबा देण्याच्या दिवशी वीज मीटरचे रीडिंग ____ आहे. त्या रीडिंगपर्यंतची वीज, गॅस, पाणी व सोसायटीची सर्व देणी मालकाची राहतील. ती भाडेकरूस भरावी लागल्यास पुढील भाड्यातून वळती करता येतील."

बाकीची बिलं

पाइपच्या गॅसचं मीटरही त्याच दिवशी फोटोत घ्या. पुण्यात एमएनजीएल या गॅस कंपनीचं बिल दोन महिन्यांनी येतं, त्यामुळे जुनी बाकी आणखी उशिरा कळते. गॅस कंपनीला फोन करून चालू रीडिंग आधीच नोंदवून ठेवा. सोसायटीचा मेंटेनन्स सभासदाकडून, म्हणजे मालकाकडून वसूल होतो. सेक्रेटरी तुमच्याकडे मागायला आले तर मालकांचा नंबर द्या. पुण्यातल्या फ्लॅटला पाण्याचं वेगळं बिल बहुधा येत नाही, पण बैठ्या घराला नळाचं मीटर असेल तर पालिकेत चौकशी करा.

इंटरनेट, मोबाइल, बँकेचं कर्ज हे माणसाचं देणं, घराचं नाही. त्या मुलांपैकी एकाला शोधत वसुलीवाले आमच्या दारात दोनदा आले. दोन्ही वेळा करार दाखवला, त्यावरचा आमचा आधार नंबर झाकून. आत घेतलं नाही, सही दिली नाही. त्याच्या नावाची पत्रं मी न फोडता "या पत्त्यावर राहत नाहीत" असं लिहून पोस्टमनकडे परत दिली.

घर सोडताना

आम्ही मे २०२२ मध्ये ते घर सोडलं. सकाळी खाली जाऊन फोटो काढला, रीडिंग ११०८६. मीटरच्या फळीवर अण्णांचा ६२१४ पुसट झाला होता, त्याच्याखाली नवा आकडा खडूने लिहिला. फोटो मालकांना पाठवला आणि राहायला येणाऱ्या कुटुंबातल्या वहिनींनाही पाठवला. पुढचं बिल आलं तेव्हा त्यांनी फोन करून चालू रीडिंग सांगितलं. आमच्या वाट्याचे ४१ युनिट निघाले. ते पैसे मी त्याच संध्याकाळी त्यांना पाठवले आणि मीटरला जोडलेला माझा मोबाइल नंबर काढून त्यांचा घालून दिला.